कोल्हापुरातलं पोलिश स्मारक: पाहुणचाराच्या आधीची गोष्ट

मी चारकोपचा, पण आजचा एपिसोड कोल्हापूरचा. मागे तिथे गेलो तेव्हा मिसळ, रंकाळा झालंच, पण मुद्दाम वाट वाकडी करून महावीर गार्डनमधलं पोलिश स्मारक बघितलं. १९९८ साली उभारलेलं.

याबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड फिरतो: 'महाराजांनी ५००० पोलिश लोकांना आसरा दिला.' ऐकायला भारी वाटतं. पण १९४३ मध्ये गादीवरचे महाराज अगदी लहान मूल होते. छावणी ब्रिटिशांच्या व्यवस्थेतून उभी राहिली आणि खर्च लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार करत होतं. कोल्हापूरकरांनी माया लावली, हे मात्र खरंच.

मला खटकतं ते वेगळंच. ही माणसं मुळात इथवर आली का, हे कुणी सांगतच नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलर आणि पूर्वेकडून स्टालिन चालून आला. १० फेब्रुवारी १९४० पासून सोव्हिएत पोलीस पूर्व पोलंडमधली घरंच्या घरं उचलू लागले. मालगाडीत कोंबून सायबेरिया, कझाकस्तान. सोव्हिएत नोंदींप्रमाणेच हा आकडा ३ लाखांवर जातो. थंडी, उपासमार, टायफस यांत किती गेले, विचारू नका. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, स्टालिनला मित्र हवे झाले, म्हणून यांची सुटका. पण आता स्टालिन ब्रिटिशांचाही मित्र! मग या हद्दपारीबद्दल मोठ्यानं बोलणार कोण?

सुटलेले बरेचसे इराणमार्गे निघाले. १९४२ मध्ये आलेल्या मुलांची एक तुकडी जामनगरजवळच्या बालाचडीला जाण्याआधी काही काळ वांद्र्यात होती. आपल्या वेस्टर्न लाइनवर, बोला! कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ पासून बराकींचं गावच वसलं: शाळा, चर्च, दवाखाना. राहणारे मुख्यतः बायका आणि मुलं.

१९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. पण 'घरी गेले' म्हणता येत नाही. पूर्व पोलंड आता सोव्हिएत युनियनमध्ये होता, म्हणून कित्येक जण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडाला गेले. त्यांच्या जागेत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली. कपड्यांच्या होलसेलसाठी आपण जातो ते गांधीनगर, ते हेच.

कोल्हापूरकर मंडळी, तुमच्या आजी-आजोबांनी वळिवड्याची छावणी पाहिली असेल, तर त्यांना बोलतं करा आणि व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो.