वस्तादाची बिदागी

महाविद्यालयाच्या खेळ-प्रशिक्षकाचा पगार संघाच्या हार-जितीवर ठरवावा का, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. विक्रेत्याला विक्रीवर कमिशन मिळतं, मग संघ जिंकला तर प्रशिक्षकाला जास्त आणि हरला तर कमी, यात गैर काय? ऐकायला हे रास्त वाटतं. पण मी कोल्हापूरचा. आमच्याकडे प्रशिक्षक हा शब्द अलीकडे आला. त्याआधी इथे 'वस्ताद' होता आणि त्याच्या पोटापाण्याचा विचार या गावानं शंभर वर्षांपूर्वीच केला होता.

वस्ताद म्हणजे फारसीतला उस्ताद. आमच्या मराठीनं त्याला लाल मातीत लोळवून आपलंसं केलं. कोल्हापुरात हे दोन्ही शब्द शेजारी नांदले. गवयांचा तो उस्ताद, पैलवानांचा तो वस्ताद, आणि दोघांनाही आधार एकाच दरबाराचा.

राजर्षी शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले. त्यानंतर लवकरच उस्ताद अल्लादिया खाँ दरबारी गायक म्हणून कोल्हापुरात आले आणि महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, ते या दरबाराचे होते. महाराज स्वतः कुस्तीतले जाणकार. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते युरोपला गेले, रोमचं प्राचीन क्रीडागार पाहून आले आणि त्या धर्तीवर त्यांनी खासबागेचं मैदान उभारलं. १९१२ मध्ये ते खुलं झालं, तेव्हा गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती झाली. मैदान असं खोलगट, की शेवटच्या माणसालाही हौद्यातली पकड दिसावी.

या राज्याश्रयाची घडी पाहण्यासारखी आहे. पैलवानाचा खुराक, म्हणजे दूध, तूप, बदाम, हा दरबारचा. कुस्ती मारली तर इनाम वेगळं. वस्तादाला मान म्हणून फेटा. म्हणजे भाकरी एका ताटात आणि बक्षीस दुसऱ्या ताटात. रविवारी पोरगा चितपट झाला म्हणून सोमवारी तालमीतलं दूध बंद होत नसे. खाँसाहेबांचंही तसंच. एखाद्या मैफलीत शिष्याचा सूर लागला नाही म्हणून कुणी उस्तादाचं वेतन कापलं नाही. (आम्हा कवींत अजून तीच रीत आहे. मुशायऱ्यात शागिर्दाला दाद मिळाली, तर उस्ताद मान डोलावतो, हिशेब मागत नाही.)

यात निव्वळ दिलदारपणा नव्हता, व्यवहारही होता. तालमीत वाढलेल्या कुणालाही विचारा, वस्तादाचं सर्वांत अवघड काम डाव शिकवण्याचं नसतं. ते असतं जोड ठरवण्याचं. पोरगं मैदानासाठी तयार आहे का, समोरचा किती वजनाचा, हा आपल्याला पेलेल का, हे त्यानं ठरवायचं. त्याची चूल निकालावर पेटत असेल तर तो काय करील? सोप्या जोडी लावील. गुडघा सुजलेल्या पोराला पट्टी बांधून उतरवील. फारच अडला तर नुरा कुस्तीला डोळा मिचकावील. आणि दारात आलेल्या किरकोळ पोराला म्हणेल, बाळ, तू दुसरीकडे बघ.

असंच एक किरकोळ पोरगं कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरहून कोल्हापूरला राजाराम कॉलेजात शिकायला आलं होतं. खाशाबा जाधव. उंची साडेपाच फूट. अंगकाठी बघून आधी त्यांना स्पर्धेतच घेत नव्हते, प्राचार्यांकडे दाद मागितल्यावर उतरू दिलं, असं सांगतात. बाबूराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी यांनी त्यांना घडवलं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं गेले. आयुष्य मातीवर गेलेलं, तिथं मॅट आणि नियमही वेगळे. तरी सहावा क्रमांक आला.

निकालावर पगार देणाऱ्यांच्या वहीत सहावा क्रमांक म्हणजे शून्य. पदक नाही, बोनस नाही. पण १९५२ मध्ये हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा राजाराम कॉलेजचे माजी प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर त्यांनी कुस्त्या करून खर्डेकरांचं कर्ज फेडलं, हे कोल्हापूरला ठाऊक आहे. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आज खर्डेकरांचं नाव आहे.

आता जिथं हा निकालाचा हिशेब टोकाला गेला, त्या अमेरिकेकडे जरा बघू. तिथं कॉलेजचं फुटबॉल, म्हणजे त्यांचं ते हातात चेंडू घेऊन धावण्याचं, हा अब्जावधी डॉलरचा उद्योग झाला आहे. कित्येक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी माणूस राज्यपाल नसतो, विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक असतो. जिंकलं की बोनस, हरलं की नारळ. पण नारळ देणंही फुकट होत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठानं जिम्बो फिशर या प्रशिक्षकाला मुदतीआधी काढलं, तेव्हा उरलेल्या करारापोटी साडेसात कोटी डॉलरहून जास्त, म्हणजे सहाशे कोटी रुपयांच्या वर रक्कम द्यायचं गळ्यात पडलं. ज्यानं जिंकून दिलं नाही त्याला घरी बसण्याचे एवढे पैसे!

आपल्याकडे १९८५ पासून प्रशिक्षकांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळतो. पहिल्या तिघांत कुस्तीचे भालचंद्र भागवत होते, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. पण नाव निवडणाऱ्यांनी पुढची कथा आठवली होती की नाही कोण जाणे. द्रोण हे राजवाड्याचे गुरू. अर्जुनाला सर्वश्रेष्ठ करीन, असा त्यांनी शब्द दिलेला. म्हणजे एका परीनं निकालाचा करारच. तो पाळण्यासाठी त्यांनी एकलव्याचा अंगठा मागितला.

दुसरी बाजूही खरी आहे. पगार पक्का झाला की शिट्टी गळ्यात अडकवून झाडाखाली पेपर वाचत बसणारे क्रीडाशिक्षक मीही पाहिले आहेत. महाराजांच्या काळी अशा वस्तादाचं निभावणं कठीण होतं, कारण मालक स्वतः कुस्ती जाणणारा होता. शाहूंची नजर कामावर असे. आपल्या संस्थाचालकांकडे ती नजर नाही, म्हणून ते चषक मोजतात. चषक मोजायला खेळ कळावा लागत नाही.

कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये मला ही गोष्ट रोज दिसते. इथं फुटबॉल संघांना तालमींची नावं आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० मध्ये स्थापन झाली आणि शाहू स्टेडियममध्ये पेठापेठांच्या ईर्ष्येचे सामने आजही रंगतात. पोरांना शिकवणारा बहुधा जुना खेळाडू, दिवसा कुठं तरी नोकरी करणारा. माझ्या लहानपणी आमच्या पेठेत असाच एकजण होता. कारखान्यातून सुटला की सायकलला चेंडूची जाळी अडकवून यायचा. दोन वर्षं त्यानं मला बदली खेळाडू म्हणून बसवलं, पण सरावाला एकदाही परत पाठवलं नाही. जिंकण्यावर त्याचे पैसे ठरले असते तर माझ्यासारख्यावर त्यानं संध्याकाळ कशाला घालवली असती? आता तयार खेळाडू बाहेरून, अगदी परदेशातूनही आणून संघात उतरवण्याची वाट सोपी झाली आहे. त्याच गावचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. असं पोर दहा-बारा वर्षांचं असतं तेव्हा कुणाच्या तरी निवांत संध्याकाळी त्याच्या वाट्याला याव्या लागतात.

केंद्र सरकारनं २०२० मध्ये वरच्या स्तरावरच्या भारतीय प्रशिक्षकांच्या पगारावरची दोन लाखांची मर्यादा उठवली, हे बरं झालं. पण तो निर्णय शिखरावरच्या माणसांचा. तालमीतल्या, शाळेच्या मैदानातल्या माणसासाठी मला संस्थानातली ती दोन ताटं हवीत. पोरं नियमित येतात का, दुखापती किती, पाच वर्षांत किती टिकली, हे जाणकारानं बघावं आणि महिन्याचं मानधन पक्कं करावं. जिंकल्यावर बक्षीस जरूर द्यावं आणि त्यातला वाटा पहिल्यांदा चेंडू हाती देणाऱ्या माणसाच्या घरीही पोचवावा. फेट्यासकट.