करडई वावरातून का गेली?

परवा राजापेठेत कामानं गेलो होतो. एका दुकानात करडईचं घाण्याचं तेल मागितलं. मालक म्हणे, "भाऊ, तुम्हीच पेरत नाही, तर तेल कुठून येईन?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. म्हणून आज थोडा इतिहास.

आमच्या आजाच्या काळी गहू-हरभऱ्याच्या कडेनं करडईची चार तासं असायचीच. काट्यांमुळं ढोरं आत शिरत नसत. कोवळ्या पाल्याची भाजी व्हायची, दाण्याचं तेल. पाणी कोणी देत नसे. काळ्या जमिनीत पावसाळ्याची ओल मुरलेली, आणि करडईचं सोटमूळ खोल जाते. अट एकच: पेरणी हस्तात, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. वरची ओल आहे तोवर बी उगवलं पाहिजे, आणि मावा वाढायच्या आत झाड पुढं गेलं पाहिजे.

मग १९८६ मध्ये केंद्राचं तेलबिया अभियान आलं. १९९४ मध्ये जबलपूरचं जेएस-३३५ सोयाबीन आलं आणि वऱ्हाडात घरोघरी गेलं. ते ९५ ते १०० दिवसांचं. सोंगणी, मळणी, वखरणी होईपर्यंत हस्त निघून जाते. ज्याच्याकडं ओलीत, तो हरभऱ्याकडं वळला. बाकीच्यांचं वावर रिकामं राहिलं.

मीही एकदा सोयाबीनवर नोव्हेंबरात करडई पेरली. म्हटलं, स्प्रिंकलर आहे, उशीर पाण्यानं भरून काढू. उगवण चांगली झाली, पण फुलोऱ्यापर्यंत माव्यानं झाडं काळी पडली. घाबरून आणखी पाणी दिलं, तर खोलगट भागात पाणी साचून मर लागली. धुऱ्याकडं हस्तात पेरलेली दोन तासं मात्र बिनपाण्याची भरली होती.

तेव्हा कळलं, ओलीत हे पेरणीच्या तारखेची जागा घेत नाही. तारीख साधली तरच पाण्याचा फायदा.

यंदा दोन एकर मूग घेतला आहे. तो सप्टेंबरात वावर मोकळं करते. तिथं हस्तातच करडई पेरतो, अकोल्याच्या आपल्या विद्यापीठाचं एकेएस-२०७. ओल कमी वाटली तर ३०-३५ दिवसांनी एक हलकं पाणी, बस.

तुमच्या गावात करडई कोणत्या नक्षत्रात पेरत होते, घरच्या म्हाताऱ्या माणसाले विचारून सांगा. ते सांगणारे आता थोडेच उरले.