चिप मारलीय का?

२००३-०४ च्या सुमारास लॅमिंग्टन रोडवर कुणी जुना प्लेस्टेशन टू विकायला आणला, की काउंटरवरून पहिला प्रश्न जायचा, ‘चिप मारलीय का?’ मारलेली असेल तर भाव वर. मशीन कोरं असेल तर आम्ही तोंड वाकडं करायचो आणि चिप बसवायचा खर्च कापून आकडा सांगायचो. आज तेच मशीन समोर आलं की मी आधी ते उलटं करतो आणि स्क्रूवरचं स्टिकर बघतो. फाटलेलं असेल तर आत कुणीतरी हात घातलाय, म्हणजे भाव खाली. हिशेब असा साफ पालथा झाला, आणि तो होताना मी गल्ल्यावरच बसलो होतो.

रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते टॅक्सीवाल्याला सांगून बघा! १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन लोकांच्या तोंडी अजून टिकून आहेत. मिनर्व्हा थिएटर इथलंच, ‘शोले’ वर्षानुवर्षं चाललं ते. नाझ इथलंच, वितरकांचा अड्डा. बाकी सगळा रेडिओ आणि सुट्या भागांचा बाजार. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या हातात सोल्डरिंग गन होतीच, त्यामुळे व्हिडिओ गेम आला तेव्हा नवीन काही शिकावं लागलं नाही.

माझी सुरुवात कॅसेटच्या जमान्यातली. निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानात १९८३ मध्ये निघाला, आणि त्याच्या नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी पोचल्या. कुणाकडे समुराई, कुणाकडे लिटल मास्टर, कुणाकडे नावच नसलेलं काहीतरी. सोबत दोन रिमोट, एक बंदूक आणि ‘९९९९९ इन वन’ अशी कॅसेट. त्यात मोजून थोडे खरे गेम. पुढे तेच मारिओ, फक्त कधी तिसऱ्या स्टेजपासून, कधी उंच उडी मारणारा.

जुनी कॅसेट घेताना आम्ही आधी पिना बघायचो. गेम चालला नाही की पोरं आत फुंकर मारायची. तोंडातली वाफ तांब्यावर बसून पिना काळ्या-हिरव्या पडायच्या. खोडरबर घासून, वर स्पिरिटचा बोळा फिरवला की बहुतेक कॅसेटी जाग्या व्हायच्या, पण हे गिऱ्हाइकाला कशाला सांगा? काळी पिन दाखवायची आणि दहा रुपये कमी करायचे. संशय आला तर खोकं उघडायचं. आत पाय असलेली सरळ चिप दिसली तर माल बरा. काळ्या डांबरासारखा गोल थेंब दिसला तर स्वस्तातला. त्या थेंबाखालचं काही बिघडलं की दुरुस्ती नाही.

पण खरा भाव ठरवायचं ते शाळेचं वेळापत्रक. एप्रिलमध्ये परीक्षा संपली की मागणी चढायची, जूनला पावसाबरोबर खाली यायची. दिवाळीत पुन्हा थोडी धुगधुगी. आमचा सगळ्यात मोठा पुरवठादार म्हणजे दहावीचं वर्ष. पोरगं दहावीत गेलं की आई पिशवीत सगळं कोंबून दुकानात हजर.

‘भाऊ, सगळ्याचे मिळून काय देता ते द्या. घरात नको मला हे.’

एकदा अशाच एका काकूंना मी आकडा सांगितला आणि त्या हो म्हणणार, इतक्यात मागून मुलगा पुटपुटला, ‘आई, काँट्राची कॅसेट वेगळी वीक.’ काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की बास. पण पोराचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पिशवी एकगठ्ठा दिली की आमचा फायदा. चार चांगल्या कॅसेटी बाजूला काढून, त्याही मे महिन्यात विकल्या, तर मालकाचा. मी काँट्राचे वेगळे पैसे दिले. मुलगा हुशार निघाला की भाव द्यायलाही मजा येते.

मग प्लेस्टेशन आला, आणि चिप. सोनीच्या डिस्कवर एक खूण असते, साध्या घरगुती रायटरने ती उमटत नाही. चिप मशीनला ती खूण मिळाल्याचं भासवायची. पहिल्या प्लेस्टेशनला थोड्याच तारा लागायच्या, टूच्या जाड्या मॉडेलला वीसच्या वर. तिथे हात थरथरला की बोर्ड गेला. कंपनीची डिस्क हजाराच्या वर आणि फुटपाथवरची शंभर-दीडशेला, मग कोऱ्या मशीनला कोण विचारणार? अमेरिकी सरकारच्या व्यापार अहवालात २००९ साली नकली मालाच्या बाजारांत आमच्या रस्त्याचं नाव छापून आलं. काहींना लाज वाटली, काहींनी जाहिरात समजून कात्रण जपलं.

जपानहून आलेलं मशीन विकायला आलं की वेगळीच तपासणी. ते १०० व्होल्टचं. थेट आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात घातलं की संपलं. ट्रान्सफॉर्मर सोबत असेल तरच बोलणी. शिवाय आपल्याकडच्या जुन्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं यायचं.

त्याच जपानात आमच्या धंद्याला कायद्याची मान्यता मिळाली. वापरलेले गेम विकू नयेत म्हणून कंपन्यांनी दुकानांवर खटले भरले होते. २५ एप्रिल २००२ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, एकदा विकलेल्या प्रतीवर कंपनीचा पुढच्या विक्रीचा हक्क उरत नाही. इकडे कुणाला पत्ताही नव्हता.

उलटापालट सुरू केली प्लेस्टेशन थ्रीने. २००७ मध्ये भारतात आला तो ३९,९९० रुपयांना, आणि त्याची ब्लू-रे डिस्क फुटपाथवर मिळेना. मुकाट्याने अस्सल घ्यायची, संपवायची, विकायची. इथून डिस्कला वय आलं. गोष्टीचा गेम पहिल्या पंधरवड्यात विकला तर अर्ध्याहून जास्त सुटतात, कारण नंतर तो सगळ्यांचाच खेळून झालेला असतो. फिफा ऑगस्टच्या आत काढावा लागायचा. सप्टेंबरच्या आसपास नवा यायचा आणि जुन्याचं कोस्टर व्हायचं. जीटीए फाइव्ह मात्र २०१३ पासून वर्षानुवर्षं हट्टाने भाव धरून होता. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्सच्या डिस्क विकण्यावर बंधनं आणायचं जाहीर केलं, गिऱ्हाइकं खवळली आणि १९ जूनला कंपनीने माघार घेतली.

त्यानंतर आले संग्राहक, आणि त्यांनी कागदाला किंमत आणली. अमेरिकेत अलामोगोर्डो गावच्या कचरा डेपोत अटारीने १९८३ मध्ये न खपलेल्या कॅसेटी पुरल्या होत्या. २०१४ मध्ये त्या उकरल्या आणि गावाने प्रमाणपत्र जोडून विकल्या; लाखाहून अधिक डॉलर आले. चिखलाने माखलेला माल, पण गावाचा शिक्का! आमच्याकडे आता पीएसटूचा खोका, पुस्तिका, फोमचे तुकडे वेगळे विचारले जातात. लोक मशीन आणतात आणि खोका विचारला की म्हणतात, तो तर माळ्यावरून रद्दीत गेला. गेला तर गेला, पण मग भाव खोक्याचा वजा करूनच मिळणार.

हल्ली बंदुकीलाही विचारणा आहे. ती बदकं मारायची बंदूक पडद्यावरचा क्षणभराचा उजेड ओळखते, तोही जुन्या काचेच्या टीव्हीचाच. सपाट एलसीडीवर काही लागत नाही. त्यामुळे बंदूक न्यायला आलेला पोरगा दोन मिनिटांनी टीव्हीही मागतो, आणि मला भंगारवाल्याला फोन करावा लागतो. गेल्या महिन्यापर्यंत तो असले टीव्ही फुकट उचलून न्यायचा. आता तोही पैसे सांगतो.