पाळीची वही

कोपरखैरण्यात माथाडी कामगारांची वस्ती मोठी. संघटनेच्या कामामुळे रुग्णालयांच्या पायऱ्यांवर मला पुष्कळ बसावे लागले. ओझे वाहणारा माणूस आजारी पडला की त्याच्या दुखण्याची सारी हकीगत एका प्लॅस्टिकच्या पिशवीत असते. आमच्या एका सोबत्याला घाईने एका रुग्णालयातून दुसरीकडे हलविले आणि पिशवी रिक्षातच राहिली. त्याला पेनिसिलिन सोसत नाही हे पहिल्या ठिकाणच्या परिचारिकेने केसपेपरवर तांबड्या शाईने लिहिले होते; दुसरीकडे ते कोणास ठाऊक? रात्रपाळीच्या सिस्टरने सुई टोचण्यापूर्वी त्याच्या बायकोला विचारले, म्हणून निभावले.

हे दुखणे जुने आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना आपण दिवा घेतलेली माउली म्हणून ओळखतो. त्या मोठ्या हिशेबी बाई होत्या हे फारसे कोणी सांगत नाही. एका रुग्णालयाच्या नोंदी दुसऱ्याशी ताडून पाहता येत नाहीत, म्हणून त्यांनी सर्वत्र चालतील असे एकसारखे तक्ते आखले. १८६० साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेने ते उचलून धरले. काही रुग्णालयांनी वापरून पाहिले; पण ते किचकट होते, मागे पडले. हिंदुस्थानातील लष्करी ठाण्यांनाही त्यांनी छापील प्रश्न धाडले होते. स्वतः मात्र त्या इकडे कधीच आल्या नाहीत.

आता तक्त्याच्या जागी संगणक आला. २७ सप्टेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारने आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले. प्रत्येकाला चौदा आकडी क्रमांक, आणि रुग्णाने संमती दिली तर एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणी दिसावी, अशी ती योजना. आमच्या पिशवीवाल्याला याहून सोयीचे काय हवे? मी यंत्राच्या विरुद्ध नाही, हे येथेच सांगून टाकतो.

परंतु २०२२ साल आठवा. जुलैमध्ये आपल्या राज्यातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील संगणकीय नोंदींची व्यवस्था बंद पडली. २३ नोव्हेंबरला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. दोन्ही वेळी काम पुन्हा कागदावर आले, आणि कागदावर लिहिणारे हात बव्हंशी परिचारिकांचेच.

या भीतीने आजही पुष्कळ ठिकाणी त्या दोनदा लिहितात, एकदा पडद्यावर आणि एकदा पाळीच्या वहीत. तक्ता कोणी आखला हे इतिहास सांगतो; तो भरण्यास किती वेळ लागतो, हे परिचारिकांची संख्या ठरविताना कोणी मोजीत नाही. हमालाच्या पाठीवरचे पोते निदान काट्यावर चढते. पाळी आठला संपते. पुढच्या पाळीच्या सिस्टरला खाटेखाटेजवळ उभे राहून सारे सांगून, राहिलेल्या नोंदी पुऱ्या करून ही बाई बाहेर पडते तेव्हा साडेआठ वाजून गेलेले असतात. हजेरीपटावर आठच लागतात.