ॲप्रन होता, डोळे उघडेच होते

मागच्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर कॅथलॅबमधून बाहेर आले तेव्हा अंगावर जड लेड ॲप्रन, गळ्याला कॉलर आणि डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा. मागून सिस्टर आल्या. ॲप्रन होता, चष्मा नव्हता. विचारलं तर हसून म्हणाल्या, "चष्मे दोनच आहेत, दादा." ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून आजचा भाग.

८ नोव्हेंबर १८९५. जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये राँटजेनला एक्स-रे सापडले. पुढच्याच वर्षी एडिसनने त्यावर प्रयोग सुरू केले आणि डोळे दुखतात अशी तक्रारही केली. १८९७मध्ये प्रयोगातल्या सशांना या किरणांमुळे मोतीबिंदू झाल्याची नोंद आहे. म्हणजे धोका पहिल्या दोन वर्षांतच कळला होता!

मग घोळ कुठे झाला? डोळ्यातल्या भिंगाला रक्तपुरवठा नसतो. तिथल्या बिघडलेल्या पेशी बाहेर टाकल्या जात नाहीत, त्या मागच्या बाजूला साचून डाग तयार होतो. आणि डोस जितका कमी, तितका हा डाग उशिरा दिसतो. जुन्या अभ्यासांनी लोकांवर तेवढी वर्षं लक्षच ठेवलं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन दिवसांचे लॉग बघून "बग नाही" म्हणत तिकीट बंद केलं. १९८० साली डोळ्यांसाठी वर्षाला १५० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा ठरली.

इकडे कामाची पद्धत बदलत होती. १९७७मध्ये झुरिकला ग्रुंटझिगने पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी केली. छातीचा साधा एक्स-रे काढताना टेक्निशियन आडोशाला जातो. इथे डॉक्टर टेबलाला चिकटून उभा असतो, सिस्टर शेजारी, आणि किरणं चालूच. पेशंटच्या शरीरावर आपटून ती विखुरतात आणि खालून, बाजूने चेहऱ्यावर येतात.

पुढे हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेले लोक आणि चेर्नोबिलचे सफाई कामगार यांच्यावर बरीच वर्षं लक्ष ठेवल्यावर कमी डोसचेही डाग दिसले. एप्रिल २०११मध्ये किरणोत्सार-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने (आयसीआरपी) नवी शिफारस केली: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ५०च्या वर नाही. १५०वरून थेट २०! माणसाचा डोळा तोच होता, चुकला होता आपला हिशोब.

उपाय तसे साधे आहेत. छताला टांगलेली शिशाची काच, बाजूनेही झाकणारा लेड चष्मा, डोळ्याजवळ लावलेला डोसमीटर, आणि शक्य तेव्हा एक पाऊल मागे. पण चष्मे दोन आणि माणसं पाच असतील, तर कागदावरची मर्यादा कुणाच्या कामाची?

बाबा आता रोज सकाळी फिरायला जातात. त्यात त्या सिस्टरचाही वाटा आहे. तुमच्या ओळखीचं कुणी कॅथलॅबमध्ये असेल, तर आज एवढंच विचारा: "चष्मा मिळतो का गं?"

भेटू पुढच्या भागात.