अहिराणी लोकपॉप प्रेमगीत

जळगाव, धुळे, नंदुरबार आणि नाशिक जिल्ह्यातील मालेगाव, सटाणा, देवळा या पट्ट्यातील अहिराणीत रचलेले, यूट्यूबवरून पसरलेले आणि लग्नाच्या डीजेवर स्थिरावलेले नाचाचे गाणे. नाशिक रोडला ते खानदेशी कुटुंबांबरोबर आले. नोटांचा छापखाना, एकलहऱ्याचे वीजकेंद्र आणि रेल्वे यांच्या भोवती वाढलेल्या या गावात भुसावळ-मनमाडकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली. इथल्या जेल रोडच्या हळदीत ‘हाई झुमकावाली पोर’ लागले की खानदेशशी संबंध नसलेलेही नाचायला उतरतात. शब्द अर्धेच कळूनही गाणे का पकडते, हा खरा प्रश्न आहे.

या गाण्यांतले प्रेम एकांतातले नसून मांडवातले आहे, हे त्याचे उत्तर. चाल मोजक्या सुरांत फिरते, एकच ओळ पुनःपुन्हा येते. त्यामुळे दुसऱ्या फेरीला कोणीही साथ धरतो. मुलीचे वर्णन झुमका, साडी, चाल अशा दुरून दिसणाऱ्या गोष्टींतून होते, कारण चारचौघांत तेवढेच बोलता येते. कीबोर्डचा बारीक, न तुटणारा सूर सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरी या वाद्याची आठवण देतो आणि खाली ढोलाचा ठेका एकसारखा चालू राहतो.

बाल्कन देशांतही लोकसंगीत आणि पॉप यांचा असाच संसार झाला. युगोस्लाव्हियात 1980च्या दशकात गायिका लेपा ब्रेनाने तो घराघरांत नेला. पुढे सर्बियात टर्बोफोक आणि बल्गेरियात चाल्गा हे प्रकार फोफावले. तिथे अकॉर्डियन आणि क्लॅरिनेट आहेत, दोन-दोन-दोन-तीन असा नऊ मात्रांचा लंगडता ठेका आहे, आणि सुरांना हेलकावे देणाऱ्या आवाजात बोस्नियाच्या सेवदालिंका या प्रेमगीतांची विरहवेदना उरलेली आहे. अहिराणी गाण्याने मात्र विरह जवळजवळ टाळला आहे. ते चिडवते, मिरवते. वरातीत रडगाणे कोण लावणार?

हे लोकसंगीत नव्हे, बाजारू माल आहे, असा आक्षेप दोन्हीकडे घेतला जातो. तो निम्माच खरा आहे. साचेबंद ठेके आणि उसने व्हिडिओ भरपूर आहेत, हे मान्य करावे लागते. पण हळदीच्या जुन्या गाण्यांतही विहिणीची टर उडवली जाईच. सभ्यपणा हा लोकगीताचा निकष कधीच नव्हता. शिवाय ‘बबल्या इकस केसावर फुगे’ या गाण्याचा नायक केसांच्या बदल्यात फुगे देणारा फेरीवाला आहे. गळलेल्या केसांचा गुंता जपून ठेवायचा आणि फेरीवाला आला की फुग्यासाठी त्याच्या हातावर ठेवायचा, हा व्यवहार गल्लीतल्या पोरांना पाठ असतो. प्रमाण मराठी भावगीताने या माणसाकडे क्वचितच पाहिले. प्रेमगीताचा नायक कोण असू शकतो, याची मर्यादा या गाण्यांनी गल्लीपर्यंत आणली. आवाज कर्कश असल्याची तक्रार उरतेच; तिचा बराचसा दोष मात्र गाण्यापेक्षा डीजेच्या भिंतींकडे जातो.