लोणारचं पाणी आणि अबुल फझलची नोंद

माझा एक मावसभाऊ दुबईत नोकरीला आहे. मागच्या सुटीत तो अझरबैजानला जाऊन आला. बाकू शहरातून एका दिवसाची गाइडसकट सहल घेतली आणि गोबुस्तान पाहिलं. तिथे जमिनीखालचा वायू गार चिखल वर ढकलतो आणि त्याचे लहान लहान डोंगर तयार होतात. जवळच्या कातळांवर हजारो वर्षांपूर्वीची चित्रं कोरलेली आहेत. त्याने भराभर फोटो पाठवले आणि रात्री फोन केला. म्हणाला, "भाई, आपल्याकडे असं काही असतं तर!"

मी म्हटलं, "तुझा जन्म मेहकरचा. लोणार तिथून पंचवीस किलोमीटर. किती वेळा गेलास?"

थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, "शाळेची सहल गेली होती एकदा. पाणी हिरवं होतं, एवढं आठवतं."

त्याला टोमणा मारून मी फोन ठेवला खरा, पण माझी स्थिती फार वेगळी नव्हती. नानीचं माहेर मेहकर. लहानपणी आम्ही लोणारच्या खारातून पापड खाल्ले, पण सरोवराच्या काठावर उभं राहून ते नीट पाहिलं नव्हतं. म्हणून या हिवाळ्यात जालन्याहून निघणाऱ्या एका दिवसाच्या सहलीत चार जागा घेतल्या. अम्मी, बायको, नववीतली मुलगी आणि मी. मिनीबस सकाळी साडेसहाला निघाली. त्या दिवशी जे पाहिलं आणि जे ऐकलं, त्याबद्दल हा लेख आहे.

पहिला थांबा सिंदखेड राजा. लखुजी जाधवरावांचा वाडा, जिजाऊंचं जन्मस्थान. १५९८ साली जिजाऊ इथे जन्मल्या. गाइड तरुण होता, लोणारचाच, आणि मनापासून सांगत होता. लखुजी निजामशाहीतले मोठे सरदार होते आणि १६२९ साली दौलताबादेत दरबारातच त्यांचा घात झाला, हेही त्याने सांगितलं. ते खरंच आहे. बस पुढे निघाली.

लोणारच्या काठावर पोहोचल्यावर मात्र सगळे गप्प झाले. शेतं, घरं, रस्ता, आणि अचानक जमीनच संपते. समोर जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचा वाटोळा खड्डा, काठापासून तळापर्यंत सुमारे दीडशे मीटर खोल. उतारावर झाडी, तळाशी हिरवट पाणी, आणि त्या पाण्याच्या कडेने जुनी देवळं. अम्मी हळूच म्हणाली, "सुभानअल्लाह." तिच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी हात जोडले होते.

मग गाव. दैत्यसूदनाचं मंदिर बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमाराचं, ताऱ्याच्या आकाराच्या बैठकीवर उभं. भिंतींवर आणि छतावर कोरीव काम असं की मान दुखेपर्यंत वर बघत राहावं. गाइडने कथा सांगितली. लवणासुर नावाचा दैत्य या विवरात राहत होता. विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्याच्या घराचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. ते झाकण लांब जाऊन पडलं, तीच एक टेकडी. दैत्याचं रक्त म्हणजे सरोवराचं पाणी आणि त्याचं मांस म्हणजे खार.

मग तो म्हणाला, "मुसलमान येतील या भीतीने गावाने हे मंदिर मातीने बुजवून टाकलं होतं. म्हणून वाचलं."

त्याच्या बोलण्यात विखार नव्हता. रोज सांगतो तसं त्याने सांगितलं. आमच्याकडे लक्ष गेल्यावर जरा ओशाळला आणि पुढच्या खांबाकडे वळला. माझी मुलगी मात्र छताकडे बघायची थांबली होती. कानाशी येऊन तिने विचारलं, "अब्बा, ये सच है क्या?"

या प्रश्नाचं सोपं उत्तर द्यायला मी तयार नाही. लढायांमध्ये देवळं फोडली गेली. ते इतिहासात आहे आणि ते नाकारण्यात आपलं काही भलं नाही. घाबरलेल्या गावाने आपला देव मातीखाली झाकला असेल, तर त्या भीतीला खोटं म्हणणारा मी कोण? माझं दुखणं निराळं आहे. सकाळपासून दुपारपर्यंतच्या इतिहासात "मुसलमान" हा शब्द एकदाच आला, आणि तो एवढ्यासाठीच आला. पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाती या जिल्ह्याच्या इतिहासातलं तेवढंच लागलं, तर ती या मातीत आपली जागा कुठे शोधणार?

धारेवर गेल्यावर मला बोलायची संधी मिळाली.

धार म्हणजे विवराच्या काठावरचा गोड्या पाण्याचा झरा. गोमुखातून पाणी अखंड पडतं, लोक आंघोळ करतात, बाटल्या भरून नेतात. वरच्या पायऱ्यांवर सगळे टेकले होते. मी गाइडला म्हटलं, "बाळा, या झऱ्याची एक जुनी नोंद आहे. सांगू का?"

"सांगा ना काका."

मग मी जे सांगितलं ते इथे जरा नीट लिहितो.

१५९६ साली चांदबिबीने अहमदनगरचा किल्ला लढवला आणि शेवटी तह करून वऱ्हाड मोगलांना दिलं. म्हणजे हा सगळा मुलूख अकबराच्या राज्यात नवा होता. त्याच सुमारास अकबराचा वजीर आणि विद्वान अबुल फझल याचा फारसी ग्रंथ "आईन-ए-अकबरी" पूर्ण होत होता. प्रत्येक सुभ्यात परगणे किती, महसूल किती, पिकं कोणती, लोक कसे, याची ती जंत्री. त्यात वऱ्हाड सुभा आहे, मेहकर सरकार आहे आणि लोणारही आहे.

अबुल फझल काय सांगतो? इथे उंच डोंगरांनी वेढलेला एक मोठा, फार खोल तलाव आहे. त्याची लांबी-रुंदी एकेक कोस. पाणी खारं आहे. काच आणि साबण करायला जे लागतं ते इथे मिळतं, सोराही निघतो, आणि त्यावर सरकारला चांगलं उत्पन्न होतं. इथवर ही महसुलाची वही झाली. नव्या मुलखातून काय मिळेल हे बादशाहीला हवंच होतं, आणि सोरा म्हणजे तोफांची दारू.

पण लेखणी तिथे थांबत नाही. पुढे तो लिहितो की ब्राह्मण या जागेला विष्णुगया म्हणतात. पूर्वजांच्या आत्म्यासाठी पुण्यकर्म करावं अशा तीन गया आहेत. एक बिहारातली, ब्रह्मदेवाची. एक विजापूरजवळची, रुद्राची. आणि तिसरी ही, विष्णूची. शिवाय डोंगरावर एक झरा आहे, त्याच्या मुखाशी बैल कोरलेला आहे, आणि सोमवारी अमावास्या आली की या झऱ्याचं पाणी खालच्या तलावाला जाऊन मिळतं.

सोमवती अमावास्या! कुठे अकबराचा दरबार, कुठे लोणारची धार. फारसीत लिहिणाऱ्या त्या माणसाला या झऱ्याचं गोमुख माहीत होतं, पितरांचं कार्य माहीत होतं, सोमवारच्या अमावास्येचं महत्त्व माहीत होतं. आणि ते त्याने कसं लिहिलं? कुठेही तुच्छता नाही. तिथले लोक असं मानतात, एवढंच. साडेपाचशे वर्षांपूर्वी अल-बिरुनीने भारतावर ग्रंथ लिहिला तेव्हा हीच रीत ठेवली होती. दुसऱ्याची श्रद्धा त्याच्याच शब्दांत मांडायची आणि आपला निवाडा मध्ये आणायचा नाही.

अबुल फझलच्या नोंदीत चुका आहेत. एक कोस हे माप फुगलेलं आहे. तलावाच्या मध्यावरचं पाणी गोड असतं असंही त्याने लिहिलंय, ते तसं नाही. काठाच्या झऱ्यांचं पाणी गोड, सरोवराचं पाणी मात्र चांगलंच अल्कधर्मी. पण ऐकीव माहितीत चूक होणं हा काही गुन्हा नाही. पुढे आलेल्या शहाण्यांच्याही चुका झाल्या.

१८२३ साली जे. ई. अलेक्झांडर नावाचा इंग्रज अधिकारी इथे आला. लोणारचा "शोध" त्याने लावला असं आजही अनेक ठिकाणी छापलेलं असतं. त्याच्या सव्वादोनशे वर्षं आधी फारसीत नोंद आहे, त्याच्या कितीतरी आधी देवळं बांधली गेली आहेत, पुराणांत माहात्म्य आहे, आणि तरी शोध साहेबाचा! पुढची शंभरहून जास्त वर्षं बहुतेक भूशास्त्रज्ञ या खड्ड्याला ज्वालामुखीचं काम मानत राहिले. त्यांचंही चुकलं असं म्हणणं सोपं आहे. सगळं दख्खन लाव्ह्याच्या काळ्या दगडाचं, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं. त्या दगडातला खड्डा ज्वालामुखीचाच असणार, असं कुणालाही वाटेल.

निकाल लागला तो काचेमुळे. सरोवराच्या तळाला छिद्रं पाडून खालचे दगड काढले गेले. त्यांत मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली. फेल्डस्पार या खनिजाला प्रचंड वेगाचा धक्का बसला की त्याची अशी काच होते. ज्वालामुखीच्या उष्णतेत ती होत नाही. १९७३ साली हे संशोधन छापून आलं आणि लोणार उल्केच्या आघाताने झालं हे पक्कं झालं. काळ्या बसाल्टमध्ये झालेली अशी विवरं पृथ्वीवर फार थोडी, चंद्रावर मात्र पुष्कळ. म्हणून चंद्राचा अभ्यास करणारेही लोणारला येतात. हा आघात कधी झाला? आधीच्या मोजणीत सुमारे ५२ हजार वर्षं आली होती. २०११ साली छापलेल्या नव्या मोजणीत सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आली. विज्ञानही आपली वही खोडून पुन्हा लिहितं, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

काचेचं ऐकून अम्मी एकदम म्हणाली, "मेरे नाना के घर में भी तो काँच ही था." नानीचं माहेर मणियारांचं. चार पिढ्या बांगड्या विकल्या. मेहकरच्या बाजारात आणि लोणारच्या जत्रेत, हिंदू-मुसलमान दोन्ही घरांतल्या लेकीसुनांच्या हातात आमच्या लोकांनी बांगड्या भरल्या. लग्नाचा चुडा असो की डोहाळजेवण, मणियाराला आमंत्रण असायचंच. देवळाच्या छतावर आमचं नाव नाही, पण त्या देवळात जाणाऱ्या हातांवर होतं.

गाइड ऐकत होता. म्हणाला, "हे तं आमाले माईतच नव्हतं, काका. सोमवती अमावस्येचं फारसीत लिवलंय?" त्याने मोबाइल काढला आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. ग्रंथाचं नाव दोनदा विचारून घेतलं. देवळाबद्दल तो जे बोलला होता, त्यावर ना तो काही बोलला, ना मी. काही गोष्टी उकरण्यापेक्षा त्यांच्या शेजारी दुसरी खरी गोष्ट ठेवणं बरं असतं.

दुपारनंतर आम्ही विवरात थोडं उतरलो. पाण्याला उग्र वास येत होता. २०२० च्या जून महिन्यात हे पाणी गुलाबी झालं तेव्हा देशभर बातमी झाली होती. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे तो रंग आला, असं पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत निघालं. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. पण दर्जा मिळाला म्हणजे जागा वाचली असं नाही. काठावर प्लॅस्टिकच्या बाटल्या पडलेल्या होत्या. त्या कोणत्या धर्माच्या माणसाने टाकल्या, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं.

परतीच्या वाटेवर साखरखेर्ड्याकडे जाणाऱ्या रस्त्याची पाटी दिसली. तिकडे वळायला वेळ नव्हता, पण मुलीला मी तिची गोष्ट सांगितली. १७२४ च्या ऑक्टोबरात तिथे मोठी लढाई झाली. एका बाजूला निजाम-उल-मुल्क, दुसऱ्या बाजूला हैदराबादचा सुभेदार मुबारिझ खान. दिल्लीच्या बादशाहाचं बळ मुबारिझ खानाच्या मागे, आणि बाजीराव पेशव्यांची मदत निजामाला. मुबारिझ खान मारला गेला, निजामाने गावाला विजयाचं नाव दिलं, आणि हैदराबादचं राज्य तिथून स्वतंत्र झालं.

मुलगी बोटं मोजायला लागली. "म्हणजे इकडेही मुसलमान, तिकडेही मुसलमान, आणि पेशवे एका मुसलमानाच्या बाजूने?"

"हो."

"मग हे पुस्तकात सोपं करून का लिहितात?"

मी म्हटलं, "सोपं केलं की पाठ करायला बरं पडतं."

रात्री घरी आल्यावर मावसभावाला धारेचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, पुढच्या सुटीत आधी इथे ये, मग बाकूला जा. त्याने विचारलं, तिकीट किती?

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्यापैकी अनेकांची मुळं वऱ्हाडात, मराठवाड्यात, खानदेशात आहेत. घरात आजी-नानी असतील तर त्यांना विचारा: आपण कुठल्या बाजारात काय विकत होतो, कुणाच्या घरी कशासाठी बोलावणं यायचं, कुठल्या तलावाचं पाणी प्यायचो. आणि विचारून झालं की लिहून ठेवा. अबुल फझलने लोणारच्या झऱ्यासाठी चार ओळी खर्च केल्या, म्हणून सव्वाचारशे वर्षांनी एका बापाला त्याच झऱ्यावर बसून मुलीला सांगण्यासारखं काहीतरी मिळालं.